पेटीतले पंचवीस दिवस

मी भिंग बोलतोय. कृपा करून मला काच म्हणू नका. काच खिडकीला असते, बांगडीत असते, उकिरड्यावरच्या फुटक्या बाटलीतही असते. मी वीस नंबरचं भिंग आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हातातलं. वसईपासून विरारपर्यंत किती बाळांच्या डोळ्यांच्या तळाशी मी डोकावलोय हे ऐकलंत, तर तुम्हीही मला अहोजाहो कराल.

दिसायला मी फार मोठा नाही, तळहातावर मावतो. दोन्ही बाजूंनी फुगीर, भोवती काळी कडा आणि कडेवर एक पांढरी रेघ. रेघेची बाजू नेहमी पेशंटकडे. डॉक्टर डोक्याला दिवा बांधतात आणि मला दोन बोटांत धरून डोळ्यासमोर आणतात. मग तो उजेड माझ्यातून बाहुलीत शिरतो आणि डोळ्याचा पार मागचा पडदा मी समोर आणून ठेवतो. एकच खोड आहे माझी. मी सगळं उलटं दाखवतो, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. नवशिके डॉक्टर त्यावरून मला शिव्या घालतात. ज्यांना काम येतं ते घालत नाहीत.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यातला. मला घासलं, परत घासलं, वर पातळ लेप चढवला आणि डबीत घालून पाठवून दिलं. डबी उघडली ती पापडी गावच्या डॉ. लेस्लींनी. त्यांचा दवाखाना वसई गावात होता. तिथं मी बावीस वर्षं काढली. मधुमेहवाले, रक्तदाबवाले, चष्मा घरी विसरून आलेले, सगळे माझ्यासमोर बसले. "वर बघा. खाली बघा. आता माझ्या कानाकडे बघा." डॉक्टर कानाकडे बघायला सांगायचे आणि माणसं हटकून त्यांच्या तोंडाकडे बघायची. माणसाला सांगितलेल्या जागी बघता येत नाही, हे मी तिथंच शिकलो.

एकदा मी पडलो. कंपाउंडर धर्मा मला पुसत होता, तेवढ्यात फोन वाजला. माझ्या कडेचा टवका उडाला, तो अजून दिसतो. भिंग शाबूत राहिलं. डॉ. लेस्ली धर्माला म्हणाले, "तू स्वतः पडला असतास तर मी इतकं बोललो नसतो." धर्मा त्यानंतर मला पुसताना जमिनीवर मांडी घालून बसायचा.

डॉ. लेस्ली थकले तेव्हा त्यांची भाची सुझान डोळ्यांचं शिक्षण संपवून घरी आली होती. तिनं वेगळंच काहीतरी शिकून आणलं होतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचे डोळे तपासायचे आणि बिघडत असतील तर वेळेत वाचवायचे. मामाला ते पटेना.

"एवढ्याशा पोराच्या डोळ्यात काय बघणार तू?" ते म्हणाले. "आमच्या वेळी सातव्या महिन्याची असली पोरं जगतच नव्हती."

"म्हणूनच तर, मामा," सुझान म्हणाली. "आता जगतात."

दुसऱ्या दिवशी मामांनी मला मऊ फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं. म्हातारपणी मला अशी बढती मिळाली, आणि खरं सांगायचं तर मी तेव्हापासून जरा शेफारलोच.

आमचा वार बुधवार. सुझान स्कूटरवर, मी तिच्या पिशवीत. वसईतली दोन आणि विरारची दोन इस्पितळं, जिथं जिथं अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत ठेवतात तिथं आमची फेरी. बाळाच्या डोळ्यात थेंब घालायचे, बाहुली मोठी व्हायची वाट बघायची, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, जिभेवर साखरपाण्याचा थेंब, पापण्यांना केसाएवढ्या तारेचा चिमटा. बाळ रडतं. आया बाहेर जाऊन उभ्या राहतात. एका डोळ्याला मला दोन मिनिटं पुरतात. माझा एक भाऊबंद आहे, अठ्ठावीस नंबरचा. तो एका नजरेत माझ्याहून जास्त पसारा बघतो आणि त्याचा त्याला तोरा आहे. पण मोठं करून दाखवायचं झालं की सुझानचा हात माझ्याकडेच येतो.

हे सगळं कशासाठी, तर हा रोग बाहेरून कुणाला दिसत नाही. आईला नाही, आजीला नाही, नर्सलाही नाही. डोळे टपोरे, काळेभोर, छान दिसतात आणि आत पडदा सुटत चाललेला असतो. लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून नियम असा, की जन्मापासून तीस दिवसांच्या आत मी त्या डोळ्यात एकदा डोकावलंच पाहिजे.

आता सोनूची गोष्ट सांगतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी.

तेव्हा त्याला सोनू हे नावही नव्हतं. पेटीवर नुसतं 'दिपिकाचं बाळ' लिहिलेलं. दहा आठवडे आधी आलेला, वजन तेराशे ग्रॅम. सत्ताविसाव्या दिवशी बुधवार येत होता, तेव्हा बघायचं ठरलं. पण बाळ दूध चांगलं ओढायला लागलं आणि सव्विसाव्या दिवशी, मंगळवारी, त्याला घरी सोडलं. उद्या डोळ्यांसाठी परत आणा, अशी चिठ्ठी बरोबर दिली. बुधवारी आम्ही वाट बघितली. कुणी आलं नाही.

पेट्यांच्या विभागाची सिस्टर ब्रिटनी वहीत नावं ठेवते. तिच्या वहीतून निसटणं म्हणजे चाळणीतून धोंडा निसटण्यासारखं. तिनं गुरुवारी फोन केला. बाळाच्या आजोबांनी उचलला. "सव्वा महिना झाला का आनतो," म्हणाले आणि ठेवला. शुक्रवारीही तेच. संध्याकाळी मात्र ब्रिटनीच्या मोबाईलवर एक निरोप आला. फुलपाड्यातला पत्ता आणि खाली एवढंच: 'तुम्हीच या. दिपिका.'

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. तो बाळाचा तिसावा दिवस होता.

घराचं दार उघडंच होतं. आत सगळी लगबग. कोपऱ्यात पाटा-वरवंटा धुऊन मांडलेला, शेजारी हळद, कुंकू, नारळ, फुलं. कुणीतरी वाटाणे भिजत घालत होतं.

"आज काय आहे?" ब्रिटनीनं विचारलं.

"पाचवी," बाळाचे वडील कल्पेश म्हणाले. ते महापालिकेच्या पाणीखात्यात नोकरीला. "संध्याकाळी पूजा आहे बाळाची."

ब्रिटनी चक्रावली. पाचवी पूजतात ती बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी. तिनं वही काढून बघितली. "अहो, आज त्याचा तिसावा दिवस आहे."

तेव्हा आतून काळूरामकाका आले. दिपिकाचे सासरे. उन्हानं रापलेला माणूस, खाडीकाठी खारजमिनीत भात लावण्यात जन्म गेलेला. ते म्हणाले, "तीस कसे? मंगळवारी घरात आला तो. मंगळ, बुध, गुरू, शुक्कर, शनवार. पाच. पेटीतले दिस आमी धरत नाय. पेटीत काय, ना आईच्या पोटात, ना घरात. तवा कुठं जल्मला तो?"

हे त्यांनी रागानं नाही, समजावून सांगितलं. आणि घरात कुणालाच त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. घरच्या उंबऱ्याच्या आत आला तो पहिला दिवस, तिथून पाचवी, तिथून सव्वा महिना, आणि तोवर आई-बाळानं उंबरा ओलांडायचा नाही. मला मात्र डबीच्या आत घाम फुटला. या मोजणीनं गेलो असतो तर बाळ माझ्यासमोर येईतो त्याचे डोळे कायमचे गेले असते.

दिपिका खोलीच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, ते घरात येऊनच बघतायत ना. उंबरा नाय ओलांडत आपण."

काळूरामकाकांनी उंबऱ्याकडे बघितलं. "घरात बघा. पन पोर भायेर जानार नाय."

थेंब घातले. बाहुली मोठी व्हायला पाऊण तास लागतो. चहा आला. काळूरामकाका सुझानला सांगत बसले की खाडीच्या माणसाला कॅलेंडर लागत नाही. भरती किती वाजता, उधाण कधी, बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, कधी बंद करायची, सगळं तिथीवरून. साठ वर्षांत त्यांची तिथी एकदाही चुकली नव्हती. मला त्यांचा रागच यायला हवा होता, पण आला नाही. आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस मला लगेच ओळखू येतो. मीही त्यातलाच.

मग खिडकीचा पडदा ओढला. ब्रिटनीनं बाळाच्या पायाला श्वास आणि ठोके बघायचं यंत्र लावलं. दिपिका बाहेर गेली नाही, बाळाच्या डोक्याशी बसली. सुझाननं दिवा लावला आणि मला धरलं.

मी पहिल्याच नजरेत पाहिलं. पडद्याच्या मध्यातून निघालेल्या रक्तवाहिन्या अर्ध्या वाटेवर थांबल्या होत्या. आणि जिथं थांबल्या तिथं त्या जाड, फुगलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या. दोन्ही डोळ्यांत तेच. सुझानची बोटं माझ्या कडेवर घट्ट झाली. 

"उद्या लेसर करावं लागेल," ती म्हणाली. "उद्याच. परवापर्यंत थांबता येणार नाही."

"भायेर न्यायचा?" काळूरामकाका म्हणाले. "पाचव्या दिवसाचं पोर?"

"काका, तुमच्या शेतात पाणी कसं जातं?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं, पण उत्तर दिलं. मधल्या पाटातून, चरांनी, कडेच्या बांधापर्यंत.

"डोळ्याच्या पडद्यावर असेच पाट असतात, रक्ताचे. आईच्या पोटात ते मधून कडेकडे खणले जातात. नऊ महिने भरत येतात तेव्हा कुठं बांधाला पोचतात. हा आधीच आला. खणणं अर्ध्यात बंद पडलं. कडेचं शेत कोरडं राहिलं आणि आता ते पाणी मागतंय. म्हणून घाईघाईनं वेडेवाकडे पाट फुटतायत. कच्च्या बांधाचे. ते फुटले की सगळी माती उचलून घेऊन जातील. मग डोळ्यात काही उरणार नाही."

"मंग तुमी काय करनार?"

"कडेची कोरडी पट्टी भाजून टाकायची, ठिपक्या ठिपक्यांनी. म्हणजे ती पाणी मागायची थांबते. मधलं शेत वाचतं."

"पेरणीआधी राब भाजतो तसं," काळूरामकाका म्हणाले.

"तसंच. कडेची नजर थोडी कमी होईल. समोरचं दिसेल."

काळूरामकाका म्हणाले, "भायेरची पट्टी मी पन सोडली व्हती दर्याला. बांध फुटला त्या साली. आतलं भात वाचवाया." पण तरी मान हलवली. "सव्वा महिना होऊ दे, बाय. तवर देव राखील."

दिपिका उठली. उशीखालून तिनं इस्पितळाची चिठ्ठी काढली, घड्या पडून मऊ झालेली. "बाबा, मी जाणार त्याला घेऊन," ती म्हणाली. "पंचवीस दिवस मी पेटीशी उभी होते. हात आत घालून त्याचा पाय धरून. तुम्ही ते दिवस नाही धरले तरी मी धरलेत."

कल्पेश वडिलांकडे बघेनात आणि बायकोकडेही बघेनात. सुझान काळूरामकाकांना हळूच म्हणाली, "काका, तुमची तिथी चुकत नाही म्हणालात. बाळ जन्मलं ती तिथी कुठली?"

"चौदस," ते लगेच म्हणाले. "आवसेच्या आदल्या दिवशी. उधान चढत व्हतं."

"आणि आज?"

काळूरामकाका उठून गॅलरीत गेले. पाठमोरे उभे राहून अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला लागले. एकदा मोजलं, परत मोजलं. मग आत आले.

"आज चौदस," ते म्हणाले. "चंद्राचा आख्खा फेरा झाला. पुनव येऊन गेली, अष्टमीच्या बारक्या भरतीचे दोन भांग गेले. चंद्रानं पेटीतले दिस सोडले नायत." मग सुनेकडे बघून म्हणाले, "माजी मोजनी चुकली, पोरी."

साठ वर्षांत पहिल्यांदा. हे वाक्य बोलायला काय लागतं हे मला विचारा. मी तर माझा टवका उडाला हेसुद्धा अजून धर्माच्याच नावावर सांगतो.

"उद्या आवस हाय," ते सुझानला म्हणाले. "आवसेला आमी नवं काम धरत नाय."

"हो, काका."

"किती वाजता आनू?"

"नऊला. मी चर्चमधली सातची मिस्सा करून येते."

संध्याकाळी पाचवी झालीच. ब्रिटनीला वाटाण्याचा प्रसाद पोचला, तो तिनं मला दाखवून खाल्ला. रविवारी सकाळी पावणेनऊला काळूरामकाका नातवाला स्वतःच्या धोतराच्या मऊ कापडात गुंडाळून आले. उंबरा त्यांनीच ओलांडला होता, त्याला छातीशी धरून, असं दिपिकानं मागून सांगितलं.

त्या दिवसाबद्दल मी नम्र राहणार नाही. लेसरचा हिरवा किरण सुझानच्या डोक्यावरच्या यंत्रातून निघाला आणि माझ्यातून डोळ्यात गेला. दुसऱ्या कशातून नाही, माझ्यातून. अडीच तास. एक ठिपका, त्याच्या शेजारी दुसरा, दोन्ही डोळ्यांत मिळून तीन हजारांवर. मध्यभागाला धक्का लागता कामा नये आणि कडेला फट राहता कामा नये. मी दाखवलेलं उलटं सुझान मनात सरळ करत होती आणि हात चालवत होती. बाळाचा श्वास दोनदा अडखळला. दोनदा आम्ही थांबलो, ब्रिटनीनं त्याला चोळून जागं केलं, मग पुढे चाललो. संपलं तेव्हा सुझानच्या हाताला मुंग्या आल्या होत्या आणि माझ्या कडेवर तिच्या बोटांचे ओले ठसे होते.

बाहेर काळूरामकाका बाकावर बसले होते. दिपिका त्यांच्या शेजारी. दोघांच्या मध्ये चिठ्ठी ठेवलेली.

पुढच्या प्रत्येक तपासणीला ते वेळेच्या आधी हजर. ब्रिटनी तारीख सांगायची, ते तिथी करून घ्यायचे. "अष्टमीला. नऊ वाजता." तिसऱ्या खेपेला मी डोकावलो आणि फुगलेल्या वाहिन्या बसल्या होत्या, गुंता सुटला होता. सुझान म्हणाली, "काका, पाट सरळ झाले." त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. दिपिका रडली. मला रडता येत नाही, आलं तरी सुझान पुसून टाकेल.

त्यानंतर एक नवलच झालं. फुलपाड्यात, खाडीकडच्या गावांत, कुणाचं बाळ पेटीत आहे असं कळलं की काळूरामकाका तिथं जायला लागले. बसायचे, चहा घ्यायचे आणि विचारायचे, "कवा जल्मला? कुठली तिथी?" मग घरच्यांसमोर पेरांवर मोजायचे. "पेटीतले दिस धरा. मी धरले नव्हते." आमच्या वहीत न आलेल्यांची नावं कमी होत गेली. ब्रिटनी म्हणते हे तिच्या फोनांमुळे झालं. सुझान म्हणते समजावण्यामुळे. मी कुणाशी वाद घालत नाही, पण मला ठाऊक आहे.

आता माझी हालत सांगतो. एका इस्पितळात मोठा कॅमेरा आलाय. तो बाळाच्या पडद्याचे रंगीत फोटो काढतो, तेही सरळ, आणि दूरच्या डॉक्टरांना पाठवतो. चांगला आहे. मी त्याला नावं ठेवत नाही. पण बुधवारी त्याची वायर चालेनाशी झाली की पिशवी उघडते आणि मला बाहेर काढतात, तेव्हा मी त्याच्याकडे जरा वळून बघतो. माझा लेप थोडा उडालाय, टवका तर आहेच.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कुणी लवकर आलेलं बाळ असेल, तर त्याचे दिवस जन्मापासून मोजा. घरी आलं त्या दिवसापासून नाही, बारशापासून नाही. डोळे छान दिसतायत म्हणून गप्प बसू नका. तीस दिवसांच्या आत आमच्यासारख्या कुणाला तरी एकदा त्यात बघू द्या. मी नसेन तर दुसरं कुणी असेल, अगदी तो अठ्ठावीस नंबरवालासुद्धा चालेल.

जाता जाता परवाचं सांगतो. सोनू आता चार वर्षांचा आहे. जाड भिंगांचा चष्मा लागलाय त्याला, म्हणजे तोही माझ्याच जातीच्या दोघांना नाकावर घेऊन फिरतो. वर्षाच्या तपासणीला आला तेव्हा टेबलावरून त्यानं मला उचललं, हात लांब करून माझ्यातून बघितलं आणि खदखदून हसला. "आजा, तू उलटा झाला."

काळूरामकाका हसले नाहीत. सुझानला म्हणाले, "बाय, माज्या डोळ्यांचं पन बघा कदी. परवा बीज व्हती, आवस सरल्यावरची चंद्राची पयली कोर. गॅलरीत उभा राह्यलो, पन कोर काय मना दिसंना. मनात बोललो, आता आपली तिथी गेली." त्यांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्यो शेजारी व्हता. बोलला, आजा, ती बघ, टाकीच्या वर. मना तरी दिसली नाय. पन त्याच्या बोटावरून मी बीज धरली."